मोटरसायकलचा अपघात: एस्टिमेट कसे वाचावे आणि सर्व्हेअरसमोर काय मांडावे

मोटरसायकल पडते तेव्हा तिचे नुकसान क्षणात होते, पण त्या नुकसानीचा आकडा पुढचे दोन-तीन आठवडे कागदावर ठरत राहतो. गॅरेज एस्टिमेट, म्हणजे दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज लिहिते, सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारा तज्ज्ञ, त्यातले काय मान्य करायचे ते ठरवतो आणि विमा कंपनी पॉलिसीच्या अटी लावून शेवटची रक्कम काढते. या तिघांपैकी कोणाचाही हेतू वाईट नसला तरी गाडीच्या मालकाचे हित पाहणे हे यांपैकी कोणाचेच पहिले काम नसते. ते मालकाने स्वतःच पाहावे लागते, आणि त्यासाठी एक गोष्ट मनाशी पक्की करावी लागते: जे नुकसान सर्व्हेअरने पाहिले नाही आणि लिहून घेतले नाही, ते क्लेमच्या दृष्टीने झालेलेच नसते. पुढील मार्गदर्शन या एका गोष्टीभोवतीच रचलेले आहे.

प्रथम पॉलिसी उघडून पाहावी

गॅरेजला फोन करण्याआधी पॉलिसीत ‘ओन डॅमेज’, म्हणजे स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा भाग आज चालू आहे का, हे तपासावे. हे सांगण्याचे कारण असे की १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला विक्रीच्या वेळीच पाच वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा विमा घ्यावा लागतो, आणि शोरूममधून मिळणाऱ्या नेहमीच्या पॉलिसीत थर्ड पार्टीची मुदत पाच वर्षे असली तरी ओन डॅमेजची मुदत पुष्कळदा एकच वर्षाची असते. कागदावर पाच वर्षांपुढची तारीख दिसते, रस्त्यात पोलिसांनी तपासले तरी विमा वैध दिसतो, आणि आपल्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण केव्हाच संपले आहे हे मालकाला अपघातानंतर कळते. सप्टेंबर २०१९ पासून ओन डॅमेजचा विमा वेगळा घेता येतो. ज्यांची गाडी अजून सुरक्षित उभी आहे, त्यांनी हा मजकूर पुढे वाचण्याआधी आपल्या पॉलिसीतील ती दुसरी तारीख पाहून घ्यावी.

सेकंडहँड गाडी घेतलेल्यांसाठी आणखी एक तपासणी आहे. आरसी बुक नव्या मालकाच्या नावावर झाले म्हणून पॉलिसी आपोआप नावावर होत नाही. थर्ड पार्टीचा भाग वाहनाबरोबर नव्या मालकाकडे येतो, परंतु ओन डॅमेजचा भाग येत नाही. त्यासाठी हस्तांतरणापासून १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर नाव बदलून घ्यावे लागते. पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर राहिली असेल, तर जुना मालक म्हणतो गाडी माझी नाही, कंपनी म्हणते पॉलिसी तुमची नाही, आणि क्लेम मध्येच अडकतो.

ओन डॅमेज चालू असेल तर चूक कोणाची होती, हा प्रश्न क्लेमच्या आड येत नाही. गाडी तुमच्याच चुकीने घसरली असली तरी भरपाई मिळते. आड येतात त्या गोष्टी वेगळ्या आहेत: चालवणाऱ्याकडे त्या प्रकारच्या वाहनाचा वैध परवाना नसणे, नशेत वाहन चालवणे, खासगी म्हणून नोंदवलेली गाडी भाड्याने किंवा व्यवसायासाठी वापरणे. गिअर नसलेल्या दुचाकीच्या परवान्यावर गिअरची मोटरसायकल चालवणे हेदेखील यातच येते, आणि घरातली गाडी घरातल्या कोणीही चालवण्याची आपली पद्धत पाहता हे मुद्दाम लक्षात ठेवावे.

अपघाताचा दिवस

कोणाला लागले असेल तर सर्वांत आधी उपचार. गाडीचे नंतर पाहता येते. जखमी व्यक्ती असेल किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले असेल, तर पोलिसांना कळवणे ही मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३४ ची अपेक्षा आहे. एकटी गाडी घसरून फक्त तिचेच नुकसान झाले असेल तर बहुतेक कंपन्या एफआयआर मागत नाहीत. परंतु नुकसान मोठे असेल, तर जवळच्या ठाण्यात नोंद करून तिची प्रत घेतलेली बरी.

गाडी उचलण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्रे घ्यावीत. नंबर प्लेट आणि आजूबाजूचा रस्ता एकाच चित्रात येईल असे एक, गाडी ज्या बाजूवर पडली ती बाजू, पुढचे चाक समोरून, हँडल वरून, आणि रस्त्यावर उमटलेले ओरखडे किंवा सांडलेले ऑइल, असे किमान आठ-दहा फोटो असावेत. पुढचे चाक आणि हँडल यांचा फोटो विशेष मोलाचा असतो, कारण चाक सरळ असताना हँडल तिरके दिसले की फोर्कला (पुढचे चाक धरणाऱ्या दोन पाइपांना) किंवा ते पाइप धरणाऱ्या टीला पीळ बसल्याचा तो पहिला पुरावा ठरतो. गाडी चालण्यासारखी नसेल तर ती ढकलत किंवा ओढत चालू करण्याचा प्रयत्न करू नये. पॉलिसीत गाडी गॅरेजपर्यंत नेण्याचा खर्चही धरलेला असतो, पण दुचाकीच्या नेहमीच्या पॉलिसीत त्याची मर्यादा ३०० रुपये इतकीच आहे; रोडसाइड असिस्टन्स घेतलेले असेल तर ते आधी वापरावे.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीबद्दल एक वेगळी सूचना येथेच करतो, कारण सांगली, कोल्हापूर, चिपळूणच्या पुरांनंतर आणि मुंबईच्या दर पावसाळ्यात हीच चूक होताना मी पाहिली आहे. पाणी ओसरल्यावर गाडी सुरू होते का, हे पाहण्यासाठी किक किंवा सेल्फ मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, आणि ते नुकसान पुराने झालेले नसून पूर ओसरल्यावर मालकाच्या कृतीने झाले, असे म्हणून कंपनी ते नाकारते. बॅटरीची वायर काढून गाडी आहे त्या स्थितीत गॅरेजमध्ये न्यावी.

कंपनीला कळवणे त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी तरी व्हावे. फोनवर कळवले असेल तर क्लेम नंबर लिहून घ्यावा आणि तोच मजकूर ई-मेलने पाठवावा, म्हणजे वेळेचा पुरावा राहतो. उशीर झालाच तर घाबरून जाण्याचे कारण नाही. खऱ्या दाव्यात उशिराचे समाधानकारक कारण दिलेले असेल तर केवळ त्या उशिरावर बोट ठेवून दावा फेटाळू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली वाहनचोरीच्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे.

अपघात कसा झाला याचे वर्णन मात्र एकदाच, शांतपणे, खरे तेच लिहावे. फोनवर एक, क्लेम फॉर्मवर दुसरे आणि पोलिसांकडे तिसरे असे झाले की नुकसान खरे असूनही संशय निर्माण होतो. गाडी मुलगा चालवत होता आणि त्याच्याकडे परवाना नव्हता, म्हणून फॉर्मवर वडिलांचे नाव टाकणे, हा सल्ला कोणी कितीही आपुलकीने दिला तरी मानू नये. तो खोटा दावा ठरतो आणि त्याने केवळ क्लेमच जात नाही.

गॅरेज आणि एस्टिमेट

कॅशलेस सोय, म्हणजे कंपनीने बिल थेट गॅरेजला देण्याची सोय हवी असेल तर कंपनीच्या यादीतील गॅरेज निवडावे लागते. यादीबाहेरच्या गॅरेजमध्येही काम करता येते, पण तेथे बिल आधी स्वतः भरून नंतर कंपनीकडून पैसे घ्यावे लागतात. कॅशलेस याचा अर्थ गॅरेजला काहीच द्यायचे नाही, असा नाही. घसारा (भाग जुने झाल्याबद्दल कापली जाणारी रक्कम), पॉलिसीतील वजाती (क्लेममधून मालकाने सोसायची ठरलेली रक्कम) आणि सर्व्हेअरने नाकारलेल्या बाबी यांचे पैसे गाडी ताब्यात घेताना मालकालाच भरावे लागतात. तो आकडा अंदाजे किती असेल, हे कामाला सुरुवात होण्यापूर्वी विचारावे.

एस्टिमेट हे पाच हजारांचे असो वा पन्नास हजारांचे, ते एकरकमी आकड्यात कधीही स्वीकारू नये. प्रत्येक सुट्या भागाचे नाव, शक्य तेथे कंपनीचा पार्ट नंबर, किंमत, मजुरी, रंगकाम आणि जीएसटी वेगवेगळे लिहिलेले असावे. नंतर हा कागद हातात घेऊन गाडीभोवती एक फेरी मारावी आणि एकेक ओळ प्रत्यक्ष गाडीवर बोट ठेवून ताडून पाहावी. ही फेरी गाडी ज्या बाजूवर पडली त्या बाजूने सुरू करावी: हँडलचे टोक, ब्रेक किंवा क्लचचा लिव्हर, आरसा, इंडिकेटर, लेगगार्ड, फुटरेस्ट, गिअर किंवा ब्रेकचा पेडल, इंजिनाचे कव्हर, सायलेन्सर, मागची ग्रॅबरेल. दुचाकी घसरली की जमिनीला टेकणारे भाग ठरलेले असतात, त्यामुळे या साखळीतला मधलाच एखादा भाग एस्टिमेटमध्ये नसेल तर तो सुटला आहे असे समजावे.

समोरून धडक बसली असेल तर पाहण्याची दिशा बदलते. तेव्हा पुढची रिम किंवा अलॉय व्हील, डिस्क, फोर्कचे पाइप, फोर्क धरणारी टी, हँडलखालचा बॉल रेसर (हँडल ज्यावर वळते ते बेअरिंग) आणि शेवटी चेसिसचा पुढचा भाग, या क्रमाने धक्का आत जातो. यातले निम्मे भाग बाहेरून ठीक दिसतात. म्हणून धडक समोरून असेल तर ‘फोर्क उघडून तपासणी, टी व चेसिस अलाइनमेंट तपासणी’ ही ओळ पहिल्याच एस्टिमेटमध्ये लिहून घ्यावी, मग त्यापुढे रकमेचा रकाना रिकामा राहिला तरी चालेल. त्या एका ओळीमुळे पुढे निघणारे नुकसान याच अपघाताचे आहे, हे सिद्ध करणे सोपे जाते.

उलट बाजूने, जे या अपघातात मोडले नाही ते एस्टिमेटमध्ये घालू देऊ नये. आधीच झिजलेली चेन किट, गुळगुळीत टायर, गेल्या वर्षीचा टाकीवरचा डेंट हे ‘क्लेममध्ये बसवून देतो’ असे सांगणारे लोक भेटतात. अनुभवी सर्व्हेअरला जुना ओरखडा आणि नवा ओरखडा यांतला फरक गंजावरून आणि आत बसलेल्या धुळीवरून लगेच कळतो, आणि एकदा त्याला अशी एक बाब सापडली की उरलेल्या खऱ्या बाबींकडेही तो त्याच नजरेने पाहू लागतो.

सर्व्हेअर येतो तेव्हा

सर्व्हेअर हा विमा नियामक प्राधिकरणाचा परवाना घेतलेला स्वतंत्र व्यावसायिक असतो. लहान रकमेच्या क्लेमसाठी कंपनी स्वतःचा कर्मचारी पाठवते किंवा मोबाइलवरील व्हिडिओवरूनच पाहणी करते. त्याचे शुल्क कंपनी देते. मालकाने त्याला काहीही द्यायचे नसते, आणि कोणी मागितलेच तर नम्रपणे नकार देऊन कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवावे. प्राधिकरणाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार क्लेमची सूचना मिळाल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमला जावा, त्याचा अहवाल १५ दिवसांत यावा आणि अहवाल मिळाल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यावा, अशी अपेक्षा आहे. अहवाल मिळवणे ही कंपनीची जबाबदारी आहे. ‘सर्व्हेअरचा रिपोर्ट आला नाही’ हे उत्तर ग्राहकाला देऊन थांबता येत नाही.

पाहणीच्या वेळी स्वतः हजर राहावे, ही या संपूर्ण लेखातली सर्वांत महत्त्वाची सूचना आहे. काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात पुण्याहून साताऱ्याकडे जाताना माझी मोटरसायकल दुभाजकाला घासून पडली. गॅरेजने ‘तुम्ही कशाला येता, आम्ही पाहून घेतो’ असे सांगितले आणि मीही ऑफिसची सुट्टी वाचवली. हेडलाइट, मडगार्ड, इंडिकेटर आणि हँडल मंजूर झाले, गाडी चकचकीत होऊन परत आली, आणि पन्नासच्या वेगाला हात किंचित सैल सोडले की ती डावीकडे ओढू लागली. खालची टी वाकलेली होती. तोवर सर्व्हेअरचा अंतिम अहवाल गेला होता, बिल चुकते झाले होते आणि मी समाधानपत्रावर सही केली होती. तो खर्च मला स्वतःच्या खिशातून करावा लागला. पाहणीच्या वेळी मी तिथे असतो आणि ‘हँडल आणि चाक एका रेषेत दिसत नाही’ एवढे एक वाक्य बोललो असतो, तर ते टळले असते.

सर्व्हेअरशी बोलताना वाद घालण्याची गरज नसते. त्याला अपघात कसा झाला ते दोन-तीन वाक्यांत सांगावे, घटनास्थळाचे फोटो दाखवावेत आणि पडण्याची दिशा व नुकसान यांचा मेळ लावून द्यावा: गाडी डाव्या बाजूवर पडून दहा-बारा फूट घसरली, म्हणून डावे इंजिन कव्हर घासले आहे, नंतर पुढचे चाक दुभाजकावर आपटले, म्हणून रिमला मार आहे. सर्व्हेअरचे मुख्य काम नुकसान आणि कारण यांची सांगड घालणे हेच असते, आणि ती सांगड तुम्ही नेमकी घालून दिलीत तर तो बहुधा ऐकतो. त्याचे नाव, परवाना क्रमांक आणि संपर्क लिहून घ्यावा. त्याने एखादी बाब तोंडी मान्य किंवा अमान्य केली, तर त्याच संध्याकाळी कंपनीला क्लेम नंबर टाकून ई-मेल करावा: ‘आजच्या पाहणीत अमुक भागांबाबत अशी चर्चा झाली.’ नंतर हाच ई-मेल उपयोगी पडतो.

खरा मतभेद होतो तो ‘दुरुस्त करावे की बदलावे’ या एका प्रश्नावर. टाकीवरचा डेंट काढून रंगवता येतो, लेगगार्ड सरळ करता येते, आणि अशा ठिकाणी बदलण्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. परंतु फोर्कचे पाइप, टी, हँडल, ब्रेकची डिस्क, अलॉय व्हील आणि चेसिस यांबाबत मालकाने ठाम राहावे, कारण यांच्यावर जीव अवलंबून असतो. अशा वेळी ‘मला नवा पाहिजे’ असे म्हणण्यापेक्षा मोजमाप मागावे. उत्पादकाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये फोर्कचा पाइप किंवा चाकाची रिम किती वाकली तरी चालते याची मर्यादा दिलेली असते. डायल गेजवर मोजून आलेला आकडा त्या मर्यादेबाहेर असेल तर गॅरेजने तो आकडा आणि मर्यादा दोन्ही एस्टिमेटच्या त्या ओळीसमोर लिहून सही करावी. मताला मत मिळते, मोजमापाला उत्तर देणे अवघड असते.

गाडी उघडल्यावर आतले नवे नुकसान निघाले, तर काम तेथेच थांबवून पुरवणी एस्टिमेट द्यावे आणि सर्व्हेअरला पुन्हा पाहण्यास बोलवावे. पुन्हा पाहणी होण्याआधी तो भाग बदलला किंवा जुना भाग भंगारात गेला, तर त्याचे पैसे मिळणे जवळजवळ अशक्य होते. काढलेले सर्व जुने भाग एका पेटीत, क्लेम नंबर लिहून, अंतिम पाहणी होईपर्यंत ठेवण्यास गॅरेजला सांगावे.

पैसे नेमके कुठे कापले जातात

पुष्कळ लोकांना सर्व्हेअरने अन्याय केला असे वाटते तेव्हा प्रत्यक्षात घसाऱ्याचा तक्ता लागू झालेला असतो. हा तक्ता पॉलिसीतच छापलेला असतो. रबर, नायलॉन, प्लॅस्टिकचे भाग, टायर, ट्यूब आणि बॅटरी यांवर सरसकट ५० टक्के, फायबरच्या भागांवर ३० टक्के आणि काचेवर काहीही नाही. धातूच्या भागांवरचा घसारा गाडीच्या वयाप्रमाणे वाढतो: पहिले सहा महिने शून्य, एक वर्षापर्यंत ५ टक्के, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के. मजुरीवर घसारा नसतो. रंगकामाचे बिल एकत्रित असेल तर त्यातील २५ टक्के रक्कम साहित्याची धरून तिच्या निम्मी रक्कम कापतात.

समजा, गाडी अडीच वर्षांची आहे आणि करासह एस्टिमेट असे आहे: हेडलाइट, मडगार्ड, इंडिकेटर व बाजूचे पॅनल असे प्लॅस्टिकचे भाग ५,७०० रुपये, फोर्क पाइप, हँडल, लेगगार्ड व फुटरेस्ट असे धातूचे भाग ७,५०० रुपये, मजुरी २,४०० आणि टाकीचा रंग २,००० रुपये. एकूण १७,६०० रुपये. प्लॅस्टिकवर २,८५० रुपये, धातूवर १५ टक्क्यांप्रमाणे १,१२५ रुपये आणि रंगावर २५० रुपये, असा ४,२२५ रुपये घसारा जातो आणि १३,३७५ रुपये उरतात. दुचाकीची सक्तीची वजाती १०० रुपये आणि जुन्या धातूच्या भंगाराचे समजा ३०० रुपये वजा केले की कंपनी १२,९७५ रुपये देते, आणि ४,६२५ रुपये मालकाचे. विमा घेताना हप्ता कमी व्हावा म्हणून ऐच्छिक वजाती स्वीकारली असेल तर तीही यातून जाते. हे गणित सर्व्हेअर येण्याच्या आदल्या रात्री स्वतः करून ठेवावे. कंपनीचा आकडा आला की फरक कोठे आहे ते लगेच दिसते, आणि एखादा धातूचा भाग चुकून प्लॅस्टिकच्या रकान्यात गेला असेल तर तोही सापडतो.

झिरो डेप हे जादा संरक्षण घेतलेले असेल तर घसारा कंपनी सोसते, परंतु बहुतेक पॉलिसींत वर्षातून किती वेळा ते वापरता येईल याला मर्यादा असते, आणि टायर-बॅटरी त्यातून वगळलेली असू शकते. ती अट पॉलिसीच्या पुरवणी पानावर असते.

याच टप्प्यावर क्लेम करावा की नाही, हेही ठरवावे. क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेजच्या हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर येतो, आणि २०, २५, ३५, ४५, ५० टक्के ही शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावी लागते. समजा तुम्हाला सध्या ३५ टक्के बोनस आहे आणि बोनसपूर्वीचा ओन डॅमेजचा हप्ता वर्षाला १,६०० रुपये आहे. क्लेम केला नाही तर पुढची पाच वर्षे ४५, ५०, ५०, ५०, ५० टक्के सूट मिळेल. केला तर ०, २०, २५, ३५, ४५. फरकाची बेरीज १२० टक्के होते, म्हणजे १,९२० रुपये. तेव्हा हाती १,५०० रुपये येणार असतील तर क्लेम करू नये, आणि तेरा हजार येणार असतील तर बोनसच्या मोहाने थांबू नये.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या विमा मूल्याच्या, ७५ टक्क्यांपेक्षा अधिक होत असेल तर गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. आयडीव्ही ६०,००० असेल तर ही रेषा ४५,००० वर येते. पॉलिसीच्या मुदतीत आयडीव्हीवर पुन्हा घसारा लावता येत नाही, हे लक्षात ठेवावे. ‘गाडी आता आठ महिने जुनी झाली, म्हणून थोडे कमी’ हे म्हणणे मान्य करू नये. गाडीवर कर्ज असेल तर रक्कम आधी बँकेकडे जाते. मोडलेली गाडी स्वतःकडे ठेवायची असेल, तर तिची लिलावातील किंमत आयडीव्हीतून वजा होते. ही किंमत कशी काढली, किती बोली आल्या, हे लेखी मागावे. गाडी कायमची निकामी झाली असेल तर १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी, नाहीतर ती गाडी उद्या कोणाच्या हाती कोणत्या रस्त्यावर धावेल, याची जबाबदारी तुमच्या नावावर राहते.

आकडा पटला नाही तर

प्रथम सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत कंपनीकडे लेखी मागावी. ती मागण्याचा पॉलिसीधारकाला अधिकार आहे. ‘कमी पैसे दिले’ अशी तक्रार करू नये. ‘अहवालातील अमुक भाग दुरुस्तीयोग्य धरला आहे, परंतु गॅरेजच्या मोजमापानुसार तो मर्यादेबाहेर आहे, मोजमापाचे पत्र आणि फोटो सोबत जोडले आहेत’ अशा एकेका बाबीवर पत्र लिहावे. सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो अंतिम शब्द नव्हे, आणि सबळ कारण असेल तर त्यापासून दूर जाता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली ट्रकच्या नुकसानीच्या एका प्रकरणात म्हटले आहे. सर्व्हेअरचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असे सांगणाऱ्या अधिकाऱ्याला हा निर्णय आदराने दाखवावा.

कंपनीने रक्कम देऊ केली आणि पैशांची निकड असेल, तर ती घेण्यास हरकत नाही. पावतीवर सही केली म्हणून अधिक रकमेसाठी दाद मागण्याचा अधिकार जात नाही, असे प्राधिकरणाने २०१५ साली कंपन्यांना कळवलेले आहे. तरीही सहीशेजारी ‘उर्वरित रकमेचा हक्क राखून’ असे लिहावे आणि त्या कागदाचा फोटो ठेवावा.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने दाद दिली नाही, तर प्राधिकरणाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यापुढचे पाऊल विमा लोकपालांचे. महाराष्ट्रात त्यांची कार्यालये मुंबई व पुण्यासह आहेत, तक्रारीला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. मात्र त्याआधी कंपनीला लेखी तक्रार दिलेली असावी आणि कंपनीने ती नाकारलेली असावी किंवा ३० दिवस उत्तर दिलेले नसावे. नकार मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत लोकपालांकडे जावे लागते. मोटरसायकलच्या बेताच्या रकमेसाठी मला हाच मार्ग सर्वांत योग्य वाटतो. तक्रारीसोबत दोनच गोष्टी जोडाव्यात, पण त्या नीट जोडाव्यात: तारखांचा एक पानी तक्ता, आणि एस्टिमेट, अहवाल व तुमचे म्हणणे शेजारी-शेजारी दाखवणारा दुसरा तक्ता.

जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग यापेक्षा संथ असतो, पण तोही खुला आहे. तेथे दोन वर्षांची मुदत असते. एकाच वाहनाच्या एकाच वादासाठी दोन्ही ठिकाणी एकाच वेळी जाता येत नाही, हे ठरवतानाच ध्यानात घ्यावे.

क्लेम मिटल्यानंतर पुढे पॉलिसीचे नूतनीकरण येते, आणि त्या वेळी दुसरी कंपनी निवडली तर अर्जात ‘गेल्या वर्षी क्लेम घेतला का’ असा प्रश्न असतो. मोबाइलवर पटापट खुणा करत जाताना येथे ‘नाही’वर बोट पडते आणि बोनस कायम दिसल्याने हप्ताही स्वस्त दिसतो. पुढच्या क्लेमच्या वेळी नवी कंपनी जुन्या कंपनीकडे चौकशी करते आणि खोट्या बोनसच्या कारणाने ओन डॅमेजचा क्लेम नाकारते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर जुन्या क्लेमचा कागद समोर ठेवूनच भरावे.